आधी हकालपट्टी, मग निरोप

कॅल्शियम आणि फॉस्फेट एका पाण्यात फार काळ सुखाने नांदत नाहीत. दोघांचे प्रमाण जरा वाढले, की त्यांचा न विरघळणारा क्षार तयार होऊन तळाशी बसतो. आपले हाड याच गुणावर उभे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत फॉस्फेटशी जखडलेले असते. पेशीच्या आत मात्र हाच गुण जिवावर बेततो. पेशीचा सारा व्यवहार फॉस्फेटवर चालतो. ऊर्जा पुरवणारे एटीपी, वारसा जपणारे डीएनए, पेशीपटलातले स्निग्ध रेणू या सगळ्यांत फॉस्फेट आहे. समुद्राच्या पाण्यात जेवढे कॅल्शियम असते तेवढे पेशीद्रवात मोकळे सोडले, तर या व्यवहाराचा चोथा आतच साचू लागेल. म्हणून आपल्या माहितीतली बहुतेक प्रत्येक जिवंत पेशी कॅल्शियमला बाहेर ठेवण्यासाठी अहोरात्र खपते. रक्तातले मोकळे कॅल्शियम लिटरमागे सव्वा मिलिमोलच्या आसपास असते. स्वस्थ पेशीच्या पेशीद्रवात ते सुमारे १०० नॅनोमोल, म्हणजे बाहेरच्या दहा हजाराव्या हिश्शाच्याही किंचित खाली असते. पेशी कॅल्शियमचा ‘साठा’ करते आणि त्यातून निरोप पाठवते, असे पाठ्यपुस्तकांत वाचायला मिळते. त्या वाक्याचा क्रम उलटा आहे, असे मला वाटते. पेशीने कॅल्शियम आधी हद्दपार केले. त्या हद्दपारीमुळे आत जी कमालीची टंचाई झाली, तिच्यातून निरोपाची सोय निघाली. साठा हे त्या हद्दपारीचेच एक अंग आहे.

टंचाईमुळे निरोप कसा शक्य होतो, हे आकड्यांत पाहू. पेशीद्रवाचे आकारमान एक पिकोलिटर, म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग, असे धरू. १०० नॅनोमोल या हिशेबाने तिथे कॅल्शियमचे जेमतेम ६० हजार मोकळे आयन असतात. तेवढ्याच जागेत सोडियमचे आयन सहाशे कोटींच्या घरात जातात. सोडियमचे प्रमाण दहापट करून काही कळवायचे ठरवले, तर पाच हजार कोटींवर आयन आत घ्यावे लागतील आणि पेशी त्यानेच फुगून फुटेल. कॅल्शियमचे प्रमाण दहापट करायला पाच-साडेपाच लाख मोकळे आयन पुरतात. अर्थात यात एक मेख आहे. आत शिरलेले बहुतेक आयन शिरताक्षणीच प्रथिनांना चिकटतात आणि बऱ्याच पेशींत शंभरातला एखाद-दुसराच मोकळा उरतो. तेव्हा प्रत्यक्षात काही कोटी आयन खर्ची पडतात. तरीही सोडियमच्या मानाने हा खर्च सुमारे हजारपटींनी कमी आहे. भर आठवडी बाजारात हाक मारली तर शेजारचाही वळून पाहत नाही आणि दुपारी सामसूम असलेल्या वाड्यात पळी पडली तरी माजघरातून कोणीतरी विचारते. फरक आवाजाच्या ताकदीचा नसून भोवतालच्या शांततेचा आहे. पेशी एटीपी जाळून विकत घेते ती ही शांतता.

मग मॅग्नेशियम का चालले नसते? त्याच्यावरही दोन धन प्रभार आहेत आणि पेशीत ते मुबलक आहे. अडचण त्या मुबलकतेतच आहे. मोकळ्या मॅग्नेशियमचे प्रमाण पेशीच्या आत आणि बाहेर जवळपास सारखेच असते, त्यामुळे दार उघडले तरी आत येण्याची ओढ फारशी नसते. शिवाय मॅग्नेशियमचा आयन लहान आहे. आपल्याभोवतीचे पाण्याचे सहा रेणू तो घट्ट धरून ठेवतो आणि ते सोडायला कॅल्शियमपेक्षा हजारो पटींनी जास्त वेळ घेतो. कॅल्शियमचा आयन मोठा आणि ऐसपैस. सहा, सात, आठ अशा कितीही शेजाऱ्यांशी, वेड्यावाकड्या अंतरांवर जुळवून घेतो. प्रथिनांच्या वाकड्यातिकड्या कोनाड्यात त्याला चटकन बसता आणि चटकन उठता येते. रॉबर्ट क्रेट्सिंजर यांनी १९७३ साली कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनात असा एक कोनाडा दाखवला आणि पुढे त्याच घडणीचे कोनाडे शेकडो प्रथिनांत सापडत गेले. हद्दपार करण्याजोगा आणि तरीही ओळखायला सोपा, हे दोन्ही गुण कॅल्शियममध्ये एकत्र आले.

साठ्याचा शोध कसा लागला, हे पाहिले की वरचा क्रम अधिक स्पष्ट होतो. सुरुवात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या सिडनी रिंगर यांच्यापासून करण्याची प्रथा आहे. बेडकाचे काढलेले हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत राहते, असे त्यांना दिसले होते. पण ते पाणी नळाचे होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर हृदय थांबले आणि नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हेच कारण निघाले. ही गोष्ट १८८३ साली प्रसिद्ध झाली. ती खरी असली तरी दिशाभूल करणारी आहे. तिच्यावरून वाटते की स्नायूला लागणारे कॅल्शियम बाहेरून येते. बेडकाच्याच पायाचा स्नायू कॅल्शियम नसलेल्या द्रावात ठेवला, तर तो बराच वेळ उत्तेजनाला आकुंचनाने उत्तर देत राहतो. एकाच प्राण्याचे दोन स्नायू इतके वेगळे का वागतात, याचे उत्तर मिळायला पाऊण शतक लागले.

मधल्या काळात लुईस हाइलब्रन आणि त्यांचे सहकारी विएर्सिन्स्की यांनी १९४७ साली स्नायूतंतूच्या आत वेगवेगळे क्षार टोचून पाहिले. नेहमी आढळणाऱ्या आयनांपैकी तंतू आखडला तो फक्त कॅल्शियमने. पुरावा चांगला होता, पण तो बऱ्याच जणांना पटला नाही आणि न पटण्याचे कारणही चांगले होते. ए. व्ही. हिल यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस हिशेब मांडला, की पृष्ठभागावरून निघालेला कोणताही पदार्थ नुसत्या विसरणाने जाड स्नायूतंतूच्या गाभ्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागेल, त्याच्या कितीतरी आधी गाभा आकुंचनाला लागलेला असतो. हिल यांचे गणित बरोबर होते आणि हाइलब्रन यांचा प्रयोगही बरोबर होता. दोन्ही खरे असतील तर एकच वाट उरते. कॅल्शियम पृष्ठभागावरून येत नाही, ते तंतूच्या आतच, प्रत्येक कोपऱ्याशेजारी, आधीपासून ठेवलेले असते.

ते सापडले, पण शोधणारे शोधत होते वेगळेच. १९५१च्या सुमारास स्नायूच्या रसात एक ‘शिथिलकारी घटक’ असल्याचे लक्षात आले होते. तो घातला की आखडलेले तंतू सैल पडत. अनेकांना तो एखादा विरघळणारा रेणू असावा असे वाटत होते. प्रत्यक्षात तो रेणू नव्हताच. त्या रसात स्नायूमधल्या जालिकेचे, म्हणजे पेशीच्या आतल्या पटलांच्या जाळ्याचे, तुकडे होते, बारीक पिशव्यांच्या रूपात, आणि त्या पिशव्या एटीपी खर्च करून भोवतालचे कॅल्शियम शोषून घेत होत्या. १९६१-६२च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म हासेलबाख आणि मादोको माकिनोसे यांनी, तर सेत्सुरो एबाशी यांनी फ्रिट्झ लिपमान यांच्यासोबत स्वतंत्रपणे हे दाखवले. एबाशी यांनी पुढे टोक्योमध्ये ट्रोपोनिन हे प्रथिन शोधले. कॅल्शियम त्याला जोडले गेले की आकुंचनावरचा अडसर निघतो. या इतिहासातली माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी, की ज्याला आज आपण साठा म्हणतो तो विज्ञानाला प्रथम भेटला तो कॅल्शियम पुरवणारा म्हणून नव्हे, काढून नेणारा म्हणून. आकुंचन म्हणजे साठ्याचे दार क्षणभर उघडणे, हे नंतर कळले. दाराआडचा पंप अखंड चालू असतो, हे आधी कळले होते.

तो पंप एटीपीच्या एका रेणूमागे कॅल्शियमचे दोन आयन आत ओढतो. चिकाशी तोयोशिमा यांनी २००० साली त्याची अणुपातळीवरची रचना प्रसिद्ध केली. पण नुसते ओढून भागत नाही. लहानशा पोकळीत कॅल्शियम कोंबत गेले, की ज्या अडचणीतून पेशी सुटली तीच जालिकेत उभी राहते आणि पंपालाही पुढचा आयन ढकलणे जड होत जाते. डेव्हिड मॅक्लेनन यांनी १९७१ साली वर्णन केलेले कॅल्सिक्वेस्ट्रिन हे प्रथिन इथे कामाला येते. त्याचा एकेक रेणू कॅल्शियमचे चाळीस-पन्नास आयन धरतो, तेही अगदी सैलसर. घट्ट धरले असते तर वेळेवर सोडता आले नसते. त्यामुळे साठ्यात एकूण कॅल्शियम भरपूर असूनही मोकळे असते ते अर्धा-एक मिलिमोलच्या आसपास, आणि दार उघडताच धरलेले आयनही भराभर सुटतात. हे प्रथिन जालिकेत सगळीकडे सारखे पसरलेले नसते. दारांच्या लगत त्याची दाटी असते.

साठा म्हटले की बंद कुलपातले कोठार डोळ्यांसमोर येते. ते चित्र मोडायला थॅप्सिगार्गिन पुरेसे आहे. भूमध्य समुद्राकाठच्या एका वनस्पतीपासून मिळणारे हे विष जालिकेचा पंप बंद पाडते आणि दारांना मात्र हात लावत नाही. कोठार बंद असते तर आतला माल आतच राहिला असता. प्रत्यक्षात काही मिनिटांत साठा आपोआप रिकामा होतो, कारण जालिकेला सतत गळती असते. म्हणजे भरलेला साठा ही ठेवलेली वस्तू नाही. गळतीपेक्षा उपसा थोडा वरचढ राहिल्यामुळे क्षणोक्षणी टिकून राहणारी ती एक स्थिती आहे, आणि तिच्यासाठी पेशी स्वस्थ बसलेली असतानाही ऊर्जा जळत असते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. कॅल्शियम इतके घातक असेल, तर ते सरळ पेशीबाहेर फेकून मोकळे व्हावे. घरातच त्याची कोठी कशाला? पेशीपटलावर बाहेर फेकणारा पंप आहेच. हान्स शाट्झमान यांनी तो १९६६ साली माणसाच्या लाल रक्तपेशींत दाखवला. मग जालिकेचा दुसरा पंप कशासाठी? याचे उत्तर हिल यांच्या हिशेबात दडलेले आहे. पेशीद्रवात कॅल्शियम फार लांब जात नाही. वाटेतली प्रथिने त्याला पकडत राहतात आणि मोकळा आयन मायक्रोमीटरच्या अंशभर अंतरातच गुंततो. लहान पेशीत पृष्ठभागावरच्या दाराने काम भागते. मोठ्या किंवा घाईच्या पेशीत हकालपट्टीची जागाच आत, कामाच्या ठिकाणाशेजारी न्यावी लागते. हा तर्क खरा असेल, तर साठ्यावरचे अवलंबन पेशीच्या जाडीप्रमाणे आणि वेगाप्रमाणे वाढलेले दिसायला हवे. तसेच दिसते. बेडकाच्या हृदयाच्या पेशी सडपातळ, त्यांच्यातली जालिका तुटपुंजी. म्हणून रिंगर यांच्या द्रावातले कॅल्शियम गेले आणि हृदय थांबले. पायाच्या स्नायूचे तंतू जाड, जालिका दाट. त्याला बाहेरच्या कॅल्शियमची तातडीने गरज नव्हती. सशाच्या हृदयात प्रत्येक ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी सुमारे ७० टक्के साठ्यातून येते. कितीतरी वेगाने धडधडणाऱ्या उंदराच्या हृदयात हा वाटा ९० टक्क्यांच्या वर जातो.

स्नायूबाहेरच्या पेशींत साठ्याचे दार कोण उघडते, याचा छडा लागायला तीस वर्षे लागली. मेबेल आणि लोवेल होकिन या दांपत्याने १९५३ साली पाहिले, की स्वादुपिंडाच्या कापांना उत्तेजन दिल्यावर पेशीपटलातला एक किरकोळ वाटणारा स्निग्ध पदार्थ वेगाने मोडतो आणि पुन्हा घडतो. रॉबर्ट मिशेल यांनी १९७५ साली या घडामोडीचा संबंध कॅल्शियमशी जोडला. केंब्रिजमध्ये माशीच्या लाळग्रंथींवर काम करणारे मायकेल बेरिज यांना मोडतोडीतून निघणारा एक छोटा रेणू, आयपी-थ्री, संशयास्पद वाटत होता. १९८३ साली जर्मन सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात तो रेणू स्वादुपिंडाच्या पेशींत सोडताच आतला साठा खुला झाला. कॅल्शियमच्या उलट हा रेणू पेशीद्रवात मोकळेपणाने फिरतो. बाहेरच्या हार्मोनची खबर तो आत पोहोचवतो आणि खरी ठिणगी तिथल्या तिथे पडते. साठा ओसरला की काय होते, हा भाग मला त्याहून सुंदर वाटतो. रिकाम्या साठ्यामुळेच पृष्ठभागावरची दारे उघडत असावीत, असे जेम्स पटनी यांनी १९८६ साली सुचवले. तसे करणारे स्टिम हे प्रथिन २००५ साली आणि त्याच्या सांगण्यावरून उघडणारे ओराय हे दार २००६ साली ओळखले गेले. स्टिमचे एक टोक जालिकेच्या आत असते. तिथले कॅल्शियम घटले की स्टिमचे रेणू एकत्र येऊन पेशीपटलाला भिडतात. ओरायमध्ये दोष घेऊन जन्मलेल्या बाळांच्या रोगप्रतिकारक पेशी असतात, पण त्या कामाला लागत नाहीत. साठ्यातला तुटवडाही पेशीला वाचता येतो, तर.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एकच आयन लाळ सोडवतो, स्नायू आखडवतो, फलित अंड्याला जागे करतो, चेतापेशीची आठवण पक्की करतो. इतके निरोप एकाच अक्षरात कसे लिहिले जातात? ‘कॅल्शियम वाढले’ एवढ्यात जवळजवळ काहीच माहिती नाही, हे आधी कबूल करावे लागेल. माहिती असते ती कुठे वाढले, किती वेळ आणि कोणत्या लयीत यांत. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीचे उदाहरण निर्णायक आहे. संपूर्ण पेशीद्रवात कॅल्शियम वाढले की ही पेशी आखडते आणि धमनी अरुंद होते. रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिन ही सर्वपरिचित गोळी कॅल्शियमची पृष्ठभागावरची दारे अडवून हेच टाळते. पण त्याच पेशीत, पटलालगतच्या साठ्यातून कॅल्शियमची एक क्षणिक ठिणगी उडाली, तर ती शेजारचे पोटॅशियमचे दार उघडते आणि पेशी सैल पडते. हे मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवले. पेशी तीच, आयन तोच. जागा बदलली आणि परिणाम उलटला. लयीचा पुरावा १९९८चा आहे. रोगप्रतिकारक पेशींत कॅल्शियमच्या लाटा कृत्रिमरीत्या कमी-जास्त वेगाने उठवल्या, तेव्हा वेगवेगळ्या लयींना वेगवेगळी जनुके कमी-अधिक प्रतिसाद देत होती. मात्र या दोन्ही गोष्टी शक्य होण्यासाठी एक अट आहे. ठिणगी विझली पाहिजे आणि लाट ओसरली पाहिजे. पंप मंद असते तर जागेच्या कडा पुसल्या गेल्या असत्या आणि ठोके एकमेकांत मिसळले असते. अर्थाची विविधता येते ती सोडण्यापेक्षा काढून घेण्याच्या तत्परतेतून.

हे सगळे आज दिसते तरी कसे, याचे श्रेय एका जेलीफिशला द्यायला हवे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली तिच्यातून अ‍ॅक्वोरिन हे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियम भेटले की ते निळा प्रकाश देते. १९६७ साली ते बार्नॅकलच्या दांडग्या स्नायूतंतूत टोचून आकुंचनाआधीची कॅल्शियमची चमक पाहिली गेली. दहा वर्षांनी मेडाका माशाच्या अंड्यात, शुक्रपेशी शिरल्या जागेपासून पसरत जाणारी कॅल्शियमची लाट दिसली. पुढे रॉजर त्सिएन यांची रंगद्रव्ये आली आणि प्रयोगशाळांत मोजमाप नित्याचे झाले.

तिसरा आक्षेप तर्कशास्त्राचा आहे. ‘आधी हकालपट्टी, मग निरोप’ ही सोयीने रचलेली कथा कशावरून नाही? अब्जावधी वर्षांपूर्वीचा क्रम कोणी पाहिलेला नाही, हे मान्य; पण क्रम ताडून पाहता येतो. निरोपासाठी हकालपट्टी सुरू झाली असती, तर निरोपाची यंत्रणा नाही तिथे हकालपट्टीही सापडायला नको होती. ई. कोलाय हा जिवाणू आपले अंतर्गत कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलवरच राखतो. त्याच्याकडे ना जालिका, ना आयपी-थ्रीची दारे, ना कॅल्शियमचा निरोप वाचणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन. माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रक नाही, साठा नाही, निरोप घेऊन जायचे असे फारसे काही नाही, आणि बाहेर फेकणारा पंप सापडला तो नेमका तिच्यातच. वनस्पतींनी तर वेगळाच मार्ग काढला. रिक्तिकेत कॅल्शियम भरून ठेवायचे आणि पुष्कळदा ऑक्झॅलेटशी जोडून त्याचे स्फटिकच करून टाकायचे. अळूच्या पानाने घसा खवखवतो तो या सुईसारख्या स्फटिकांमुळे. ते चरणाऱ्यांना दूर ठेवतात हे खरे, पण जादा कॅल्शियम कायमचे अडकवण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे. उलट कॅल्मोड्युलिनसारखी वाचक प्रथिने यीस्टपासून माणसापर्यंत आढळतात आणि पृष्ठवंशीयांत त्यांची अमिनो आम्लांची साखळी अक्षरशः एकच आहे. ती सारी नंतरच्या, केंद्रक असलेल्या पेशींची कमाई दिसते.

या रचनेचा ठिसूळपणाही हकालपट्टीच्या बाजूनेच उघड होतो. रक्तपुरवठा तुटला, एटीपी संपले, की पंप थांबतात आणि दहा हजारपटींचा उतार आत कोसळतो. कॅल्शियमवर चालणारी विकरे मग पेशीची स्वतःचीच प्रथिने कापू लागतात. काही काळ तंतुकणिका जादा कॅल्शियम गिळून वेळ मारून नेतात. त्यांच्यातले प्रवेशद्वार कोणत्या प्रथिनाचे, हे २०११ साली कळले. भार हाताबाहेर गेला की त्या स्वतःच फुटतात आणि मग त्या पेशीला वाचवणारे कोणी उरत नाही.

कमी टोकाचा आणि अधिक बोधक प्रकार हृदयाच्या औषधांत दिसतो. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लव्ह या झाडाच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले. डिजिटॅलिस ते हेच. आपल्याकडे कुंपणाला लावली जाणारी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हिच्या बियांतले विष त्याच जातकुळीचे आहे. ही द्रव्ये कॅल्शियमच्या पंपाला हातही लावत नाहीत. ती सोडियम बाहेर काढणारा पंप अडवतात. हृदयपेशीत एक अदलाबदल करणारे प्रथिन असते. सोडियमचे तीन आयन आत घेऊन ते कॅल्शियमचा एक बाहेर टाकते. आत सोडियम साचले की ही अदलाबदल मंदावते, बाहेर न गेलेले कॅल्शियम जालिकेच्या वाट्याला येते आणि साठा नेहमीपेक्षा जास्त भरतो. थोडा जास्त भरला, तर पुढचा ठोका जोरकस पडतो. औषधाचा उपयोग एवढाच. आणखी भरला, तर साठा आदेशाची वाट न पाहता मधेच सुटतो, दोन ठोक्यांच्या मध्ये अवेळी विद्युतस्पंद उठतात आणि लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. उपयोगाची आणि घाताची मात्रा म्हणूनच इतकी जवळजवळ असते. श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधा फार होतात. तिथे डिजिटॅलिसवरची प्रतिपिंडे रुग्णांना देऊन पाहिली गेली आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बिघडलेली लय त्यांनी पूर्ववत होत असल्याचे दिसले. प्रतिपिंडे रक्तातले विष धरून ठेवतात, सोडियमचा पंप मोकळा होतो, आत साचलेले सोडियम बाहेर पडते आणि त्यापाठोपाठ अदलाबदल पुन्हा सुरू होऊन साठ्यावरचा जादा भार उतरतो.